सत्तरला येणारी थरथर

मिस्त्रीच्या गॅरेजवर पाटी नव्हती. कधी गरजच पडली नाही. एखाद्या गाडीत आवाज यायचा, हादरा बसायचा, चार ठिकाणी दाखवूनही दोष सापडायचा नाही, मग कुणीतरी हमखास सांगायचं, ‘एकदा मिस्त्रीचा हात लावून घे.’ मिस्त्री गाडी चालू करायला लावायचा. बॉनेटवर, गिअरच्या दांड्यापाशी, खालच्या पत्र्यावर तळहात टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा: दोन नंबरचा इंजेक्टर. किंवा डाव्या बाजूचं इंजिन माउंटिंग. किंवा, ‘गाडीत काही नाही, डोकं तपासून घ्या.’ हे तिसरं उत्तर तीस वर्षांत त्याने पुष्कळांना दिलं होतं, आणि पुष्कळदा ते खरंही होतं.

आता तो हात मेला होता. ही गोष्ट आपल्याखेरीज कुणालाही माहीत नाही, अशी मिस्त्रीची समजूत होती.

रक्तातल्या साखरेने आधी त्याचे पाय खाल्ले, मग बोटं. दोन वर्षांपूर्वी, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो लांबच्या गावातल्या डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टरने डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, “टाचणी टोचलेली कळते का?”

“कळते की.”

“मी अजून टोचलीच नाहीये,” डॉक्टर म्हणाला.

मिस्त्री तिथे परत गेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. काम तर चालूच होतं. दहातले आठ दोष गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याच्या बोलण्यातच कळतात. नववा कानाला कळतो. दहाव्यासाठी हात लागतो, आणि दहावा रोज थोडाच येतो? तो तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा, आणि मिटल्या डोळ्यांनी अंदाज करायचा. लोक पूर्वीइतकेच मान डोलवायचे. एखाद्याची गाडी पुन्हा बिघडली तरी तो मालक गाडीलाच नावं ठेवायचा, मिस्त्रीला नाही. कीर्तीचं असंच असतं. एकदा कमावली की माणसाने तिच्यापुढे नुसतं उभं राहायचं, बाकीचं ती बघून घेते.

दहावा दोष आला तो घरातूनच. मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, पिकअपमधून खिडक्यांच्या काचा वाहायचे. मागच्या हौद्यात लाकडी चौकट, चौकटीला लोकरीचा जाड नमदा, त्यात माणसाच्या उंचीच्या काचा उभ्या ठेवलेल्या. असा धंदा करणारा माणूस मुळात हळुवार असतो किंवा धंदा त्याला तसा करतो. दाजी दारसुद्धा असं लावायचे की घरात कुणाला कळू नये. त्यांची पिकअप नवी होती, अकरा महिन्यांची. आणि तिच्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती: सत्तरचा वेग आला की थरथरते.

शोरूमवाल्यांनी तीनदा बघितली. पहिल्यांदा चाकांचं बॅलन्सिंग केलं, दुसऱ्यांदा टायर अदलाबदल केले, तिसऱ्यांदा तारेने यंत्र जोडून पडद्यावर बघितलं आणि ‘काही दिसत नाही’ असा शेरा मारला. दाजींचं समाधान होईना. जेवताना घास हातात धरून ते सांगायचे, “पासष्टला नसते. पंच्याहत्तरला कमी होते. सत्तरला काचा बोलतात.” घरात त्यांची टर उडायची. मिस्त्री तर तोंडावर म्हणायचा, “दाजी, काचा वाहून वाहून तुमचं मनच काचेचं झालंय.” दाजी हसायचे. त्यांना राग येत नसे, आणि म्हणूनच लोक त्यांचं ऐकत नसत.

शेवटी धाकटीनेच नवऱ्याला पाठवलं. “दादाला दाखवा. तो जे म्हणेल ते शेवटचं. मग मला पुन्हा सत्तर म्हणून ऐकवायचं नाही.”

दाजी सकाळी आले ते गाडी रिकामी घेऊन, कारण मिस्त्रीचा तसा नियमच होता. सामान भरलेलं असलं की शंभर आवाज येतात आणि खरा आवाज लपतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे ज्या काचा दाजींच्या बाजूने बोलल्या असत्या त्या गोदामातच राहिल्या.

गाडी दारात उभी होती, इंजिन चालू. मिस्त्री चहा पीत होता तेवढ्यात इंजिनाने आपणहून वेग वाढवला. पंखा घोंगावायला लागला, बॉनेट बारीक हलायला लागलं. मिस्त्रीने कप खाली ठेवला.

“हीच ना तुमची थरथर?”

“ही नाही, दादा. ही मला माहीत आहे.”

“माहीत आहे तर ऐका. नव्या इंजिनांत धुराची काजळी धरायला जाळी असते. ती भरली की इंजिन आपलं आपण तापतं आणि काजळी जाळून टाकतं. तेवढा वेळ असंच अंगात आल्यासारखं करतं. दोष नाही, खोड आहे. आमच्या वेळची इंजिनं धूर सोडायची आणि गप्प बसायची. ही नखरे करतात.”

“बरोबर आहे. पण सत्तरला येते ती वेगळी. ती खालून येते.”

दोघं मोठ्या रस्त्याला लागले. दाजी चालवत होते, मिस्त्री शेजारी. सत्तरचा काटा आला तसं मिस्त्रीने वाकून गिअरच्या दांड्याशेजारी, पायाखालच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. हाताला काही नव्हतं. आपण लाकडाच्या फळीवर दुसरी फळी ठेवली आहे, एवढंच.

“आता न्यूट्रल करा,” तो म्हणाला.

ही जुनी आणि पक्की परीक्षा. वेगात असताना गाडी न्यूट्रल केली की इंजिन मोकळं सुटतं. थरथर थांबली तर ती इंजिनाची. नाही थांबली तर दोष खाली: चाकांत, नाहीतर इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणाऱ्या लांब शाफ्टमध्ये, नाहीतर तो शाफ्ट मधोमध तोलून धरणाऱ्या बेअरिंगमध्ये.

दाजींनी न्यूट्रल केलं. इंजिनाचा आवाज उतरला, गाडी नुसती धावत राहिली. आणि मिस्त्री परत सीटला टेकला तेव्हा त्याच्या पाठीत, कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक थरथर चालू होती. थांबली नव्हती. पाठीला साखरेने अजून हात लावला नव्हता. पाठीला ती स्वच्छ कळत होती.

मिस्त्रीने तीस वर्षांत पाठीला कधी विचारलं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. थरथर खालची आहे असं म्हटलं की गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्यावी लागणार. खाली उतरून शाफ्ट धरून हलवावा लागणार. बेअरिंगचं रबर फाटलंय का, त्यात किती ढिलाई आहे, हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं. आणि दाजी शेजारी बॅटरी धरून उभे राहणार, दाजींसारखा बारीक नजरेचा माणूस. हे सगळं त्याच्या मनात क्षणात येऊन गेलं.

“थांबली,” तो म्हणाला. “इंजिनाचीच खोड.”

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. “मला तर अजून जाणवतेय.”

“कुठे?”

“बुडाला.”

“दाजी, बुडाने दोष ओळखता येत असता तर मी तीस वर्षं खुर्चीत बसून कमावलं असतं!”

दाजी हसले. जरा ओशाळलेही. आपल्याला जाणवतंय ते खरं की मिस्त्रीचा हात खरा, याचा ते विचार करत असावेत. मग म्हणाले, “तुमचा हात म्हणतो म्हणजे नसणारच. मलाच वहम जडलाय.” आणि आपल्या शरीराने दिलेली साक्ष त्या भल्या माणसाने निमूटपणे मागे घेतली.

त्यानंतर नऊ दिवसांनी, भर दुपारी, काचा भरलेली पिकअप नदीच्या पुलाकडे उतरत होती. मधलं बेअरिंग सुटलं, शाफ्टचं एक टोक निखळलं, त्याने गरगर फिरत खालच्या ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या दिव्यांच्या तारा तोडल्या असाव्यात. मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं की पिकअप हळूहळू डावीकडे सरकत गेली, ब्रेकचा दिवा लागलाच नाही, आणि ती सरळ कठड्यावर गेली. गाडी थांबली, काचा थांबल्या नाहीत. दाजींचा चेहरा घरच्यांना दाखवला नाही.

ब्रेकचा दिवा लागला नाही म्हणजे ब्रेक दाबलाच नाही, ब्रेक दाबला नाही म्हणजे झोप लागली. एवढा सरळ हिशोब असला की लोकांना दुसरा नको असतो. समाचाराला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा. “दुपारची वेळ, डोळा लागला बिचाऱ्याचा.” कुणी म्हणालं, “नशीब, पुलावर दुसरं कुणी नव्हतं, नाहीतर चार जणांना घेऊन गेले असते.” जो माणूस दार लावतानाही आवाज करत नव्हता तो आता बेफिकीर ठरला होता. धाकटी कोपऱ्यात बसून सगळं ऐकायची. ती रडत नव्हती, आणि तेच मिस्त्रीला बघवत नव्हतं.

मिस्त्रीची पाठ त्या दिवसापासून त्याला सोडेना. खुर्चीत टेकला की थरथर, पलंगावर आडवा झाला की थरथर. ती खरी नव्हती हे त्याला कळत होतं. तरी तो स्टुलावर बसायला लागला, पाठ कशालाही न टेकता. आपल्या बहिणीचा संसार आपण मोडला, असं त्याने स्वतःशी एकदा स्पष्ट म्हणून बघितलं, आणि ते इतकं खरं निघालं की पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही.

महिन्याभराने अपघात तपासणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं. धाकटीची सही हवी होती आणि मिस्त्रीचा जबाब. दोघं बसने गेली. कचेरीच्या मागच्या आवारात मोडक्या गाड्या रांगेने लावल्या होत्या. पिकअप शेवटून दुसरी होती. धाकटीने तिच्याकडे मान वळवली नाही.

साहेब पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी एका जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलेला तुकडा पुढे सरकवला: बेअरिंगची वाकलेली कडी, तिला चिकटलेलं फाटकं रबर.

“मिस्त्री, तुम्ही जाणकार आहात. हे आदळल्यामुळे फाटलं, की आधीच फाटलं होतं म्हणून गाडी आदळली?”

मिस्त्रीने तुकडा हातात घेतला. “नुसतं बघून सांगता येत नाही.”

“आमच्या माणसालाही सांगता आलं नाही. वरून घासून जळलंय ना. म्हणून तुम्हाला बोलावलं. शेवटची तपासणी तुमची. आधीपासून फाटलं असतं तर गाडी थरथरली असती. तुमच्या तपासणीत थरथर होती?”

मिस्त्री उत्तर देणार तेवढ्यात धाकटी बोलली. “दादाचा हात चुकत नाही, साहेब. अख्ख्या गावाला विचारा.” आणि तिने भावाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

मिस्त्रीला वाटलं, ती आपली बाजू घेतेय.

“थरथर नव्हती,” तो म्हणाला. “इंजिनाची जरा खोड होती, तेवढीच.”

साहेबांनी तसं लिहिलं. मिस्त्रीने सही केली. “म्हणजे चालकाचा डोळा लागला असं धरावं लागेल,” साहेब म्हणाले. “बाई, तुम्ही जरा बाहेर बसा. कागद तयार झाले की हाक मारतो.”

बाहेर बाकावर धाकटी बसली नाही. ती सरळ आवारात गेली आणि या वेळी पिकअपसमोर जाऊन उभी राहिली. मिस्त्री मागोमाग गेला.

“तुझा हात गेलाय, दादा,” ती म्हणाली. “मला माहीत आहे.”

मिस्त्रीने दोन्ही हात खिशात घातले.

“गेल्या वर्षी माझ्याकडे आला होतास. चुलीवरचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवून खाली ठेवलंस आणि बोलत राहिलास. बोटांना फोड आले, ते हात तू खिशात घातलेस. मी बघितलं. म्हटलं, झाकतोय तर झाकू दे, त्याची अब्रू आहे.”

“मग मगाशी आत...”

“मी दार उघडून दिलं होतं तुला. म्हटलं, आता तरी बोलेल. म्हणेल, नाही गं बाई, चुकतो माझा हात.” तिने फुटलेल्या काचेतून आत बघितलं, सीटकडे. “तुझ्या एकट्याचं नाही रे ते. हात गेलाय हे माहीत असून मीच त्यांना तुझ्याकडे पाठवलं. घरात रोज तेच, सत्तर, सत्तर. मला तुझ्या तोंडून ‘काही नाही’ एवढंच हवं होतं, म्हणजे माझी कटकट गेली असती. तुला कळणार नाही हे मला माहीत होतं. अर्धं माझंच आहे.”

आता ती रडली. मिस्त्रीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हलतोय हे त्याला डोळ्यांनीच दिसत होतं. आणि इतकं असूनही, अगदी आतून, त्याला सुटल्यासारखं वाटलं. तिने अर्धं उचललं होतं. तिला जे माहीत होतं ते माफ होण्यासारखं होतं: हात मेलेला, कळलं नाही, चूक झाली. पाठीचं तिला माहीत नव्हतं. ते कधीच कुणाला कळणार नव्हतं.

धाकटीने पदराने तोंड पुसलं. “पण ते झोपले नव्हते. वीस वर्षांत गाडीत त्यांचा डोळा लागलेला नाही. ते कागदावर मी लिहू देणार नाही. चल.”

आत जाऊन ती उभ्यानेच बोलली. भावाचा हात मेलेला आहे, वर्षभरापासून आपल्याला माहीत होतं, मगाचा जबाब खोडा. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मिस्त्रीकडे बघितलं.

“खरं आहे?”

“खरं आहे. दोन वर्षं झाली.”

“अशा हाताने तुम्ही दोन वर्षं गाड्या तपासल्या?”

“हो.”

“ते तुमचं तुम्ही निस्तरा. मला सांगा, थरथर होती की नव्हती?”

“होती,” मिस्त्री म्हणाला.

“कशावरून?”

मिस्त्रीने वर्तमानपत्रावरच्या तुकड्याकडे बघितलं.

“नाही, मला समजून घेऊ द्या,” साहेब म्हणाले. ते चिडलेले नव्हते, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. “मगाशी तुम्ही ‘नव्हती’ म्हणालात. आता म्हणता हाताला कळतच नव्हतं. मग ‘होती’ हे तुम्हाला कुठून कळलं? ज्याला कळलं नाही त्याची साक्ष मी कशी धरू? होती असं सांगणारा एकच माणूस, आणि तो गेला. बाई, त्या दिवशी गाडीत तुम्ही होतात?”

“नाही. पण ते रोज सांगायचे...”

“शोरूमचा कागद माझ्याकडे आहे. तीनदा तपासली, काही दिसलं नाही. तुम्हाला वाईट वाटणार, पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर मी हे बदलू शकत नाही. आहे तसंच राहील.” आणि त्यांनी पेन उचललं.

धाकटी खुर्चीची पाठ धरून उभी होती. तिचा चेहरा बघून मिस्त्रीला कळलं की तिच्याकडे आता काहीच उरलेलं नाही. जे सांगायचं ते तिने सांगून टाकलं होतं, स्वतःचं अर्धंसुद्धा. राहिलं होतं ते फक्त त्याच्याकडे.

“कळली होती,” तो म्हणाला.

“काय?”

“थरथर. हाताला नाही. पाठीला कळली होती.” आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. “सत्तरला न्यूट्रल केली. इंजिन सुटलं, थरथर थांबली नाही. म्हणजे खालची होती. हे कुठल्याही मिस्त्रीला कळतं. मला कळलं.”

“मग सांगितलं का नाही?”

“खाली उतरून शाफ्टला हात लावावा लागला असता. हात मेलाय हे दाजींना दिसलं असतं.”

धाकटीने मान वर केली नाही. तिने अगदी हळू विचारलं, “ते म्हणाले होते का तुला? त्यांना जाणवतंय म्हणून?”

“म्हणाले होते.”

“तेव्हा तुलाही जाणवत होतं?”

“हो.”

“आणि तू काय म्हणालास?”

मिस्त्रीने सांगितलं. तो विनोद जसाच्या तसा, शब्द न गाळता. सांगताना त्याला वाटलं की यापेक्षा गाडी आपल्या अंगावरून गेली असती तर सोपं होतं. साहेबांनी नजर खाली घातली.

मग त्यांनी जुना कागद बाजूला केला, नवा घेतला आणि लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. तपासणीच्या वेळी गाडीत सत्तरच्या वेगाला थरथर होती, तपासणाऱ्याला ती माहीत होती, चालकाने तक्रार केली होती, चालकाला चुकीचं सांगण्यात आलं. धाकटीने एकेक ओळ वाचायला लावली. झोपेचा उल्लेख कुठे राहिला नाही ना, हे तिने दोनदा विचारलं.

“आता हा कबुलीजबाब आहे, नुसता तपासणीचा जबाब नाही,” साहेब म्हणाले. “यात नातं लिहावं लागतं. मयताशी तुमचं नातं?”

मिस्त्रीने तोंड उघडलं. पण धाकटी आधी बोलली. ती त्याच्याकडे नाही, कागदाकडे बघत होती.

“मिस्त्री,” ती म्हणाली. “गाडीचे मिस्त्री, एवढंच लिहा.”